औषधांची पिशवी आणि वॉर्डातला फार्मासिस्ट

दवाखान्यात भरती असलेल्या माणसाच्या खाटेभोवती सकाळी नऊच्या सुमारास बरीच गर्दी असते. मोठे डॉक्टर, त्यांच्या मागे निवासी डॉक्टर, हातात ट्रे घेतलेल्या सिस्टर, आणि उशाशी डब्याची पिशवी सांभाळत बसलेली पत्नी नाही तर सून. या गर्दीत काही दवाखान्यांतून आता आणखी एक माणूस दिसू लागला आहे. त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसतो. एक वही, एक कॅल्क्युलेटर आणि रुग्णाच्या औषधांचा तक्ता घेऊन तो उभा असतो. नातेवाईक त्याला कधी डॉक्टर समजतात, कधी कंपनीचा एम.आर., आणि बिल वाढलेले असेल तर बिलाचा माणूस. मी त्यांपैकीच एक. आमच्या कामाला क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात. आधी काही वर्षे लातूरला आणि आता नांदेडला मी हे काम करतो.

"मग तुमचं मेडिकल कुठं हाय?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. माझे मेडिकल नाही. दुकानाच्या काउंटरवर चिठ्ठी पाहून औषध देणारा फार्मासिस्ट आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि त्याचे काम काही हलके नव्हे. पण भरती रुग्णाला एकाच दिवसात दहा-बारा औषधे चालू असतात. त्यातली एकमेकांना मारक कोणती, या माणसाच्या वजनाला आणि मूत्रपिंडाला मात्रा झेपेल का, घरी काय चालू होते, नळीतून कोणती गोळी देता येईल आणि कोणती नाही, हे पाहायला कोणीतरी केवळ त्याच कामासाठी लागतो. अमेरिकेत हे काम गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात वॉर्डात आले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात म्हैसूर आणि उटीच्या महाविद्यालयांतून या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. २००८ साली फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला. त्यातले शेवटचे पूर्ण वर्ष रुग्णालयात काढावे लागते. २०१५ मध्ये फार्मसी व्यवसायाचे नियम निघाले. कागदावर सर्व काही आहे. प्रत्यक्षात आमच्या भागात तीनशे खाटांच्या दवाखान्यातही असा माणूस एखादाच असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तोही नसतो.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून तोच दिवस रुग्ण सुरक्षा दिन म्हणून धरला आहे, आणि २०२२ साली त्याचा विषयच औषधांपासून होणारी इजा टाळणे हा होता. हा योगायोगच, पण झेंडावंदनाहून परत येऊन वॉर्डात शिरताना मला तो दर वेळी आठवतो.

दोन डॉक्टर, दोन रंग, एक औषध

ओळख पटू नये म्हणून गाव आणि वय थोडे बदलून सांगतो. मुखेड तालुक्यातले अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ पहाटे चारला जीपमधून आणले गेले. उजवा हात-पाय उचलत नव्हता, बोलणे अडखळत होते, अंगाला दरदरून घाम. घरच्यांनी लकवा धरला होता. वाटेत एका गावी थांबून अंगाराही लावून झाला होता. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी मात्र पहिले काम केले ते बोटाला सुई टोचून साखर पाहण्याचे. साखर निघाली ३१. शिरेतून ग्लुकोज गेले आणि दहा-पंधरा मिनिटांत म्हातारबा उठून बसले, मुलाला नावाने हाक मारली, चहा मागितला. साखर फार खाली गेली की मेंदूची उपासमार होते आणि हुबेहूब लकव्यासारखे चित्र दिसू शकते, हे वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सकाळच्या राऊंडला मी पोचलो तेव्हा मुलगा सुट्टी मागत होता. सोयाबीन काढणीला आले होते, मजूर ठरलेले होते. "आता चांगले झाले की साहेब, उठून बसलेत. कशाला ठिवून घ्यायलाव?" त्याचे बोलणे चुकीचे म्हणता येणार नाही. डोळ्यांना दिसत होते ते असेच होते.

मी त्याला घरची औषधे कुठे आहेत असे विचारले. जीपमध्ये एक प्लॅस्टिकची पिशवी होती, ती त्याने आणून दिली. तिच्यातून दोन पट्ट्या निघाल्या. एक हिरवट, नांदेडच्या डॉक्टरांनी लिहिलेली. दुसरी गुलाबी, लातूरच्या डॉक्टरांनी लिहिलेली. म्हातारबा दिवाळीनंतर चार महिने लातूरला लेकीकडे राहिले होते, तिथे त्यांना दाखवले होते. दोन्हींवरची मोठी नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या. बारीक अक्षरांत मात्र दोन्हींवर तेच: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. म्हणजे एकच औषध दुप्पट. मुलगा म्हणाला, "एक नांदेडची, एक लातूरची. दोन्ही टायमावर द्यायलो की. रंगच येगळा हाय." त्याने काही चुकवले नव्हते, उलट फार काळजीने दिले होते. त्यातच दोन दिवस जुलाब, पोटात अन्न नाही, आणि गोळ्या मात्र चालू.

आता मुद्दा असा. शिरेतून दिलेले ग्लुकोज काही वेळात खर्ची पडते. ग्लिमेपिराइडचा परिणाम त्यापेक्षा कितीतरी लांब चालतो, आणि मूत्रपिंड थकलेले असेल तर आणखी लांबतो. म्हातारबांचे क्रिएटिनिन २.१ आले होते. म्हणजे साखर वर आली तरी ती पुन्हा पडणार होती, आणि ती पडली असती गावाकडे, रात्री, झोपेत. मी पिशवी तशीच डॉक्टरांपुढे ठेवली आणि म्हटले, "सर, दोन्ही एकच आहेत. आजचा दिवस आणि रात्र सोडू नये असे वाटते." त्यांनी पट्ट्या उलटून पाहिल्या, सुट्टीचा कागद बाजूला ठेवला, ग्लुकोजचे सलाइन चालू ठेवून तासाला साखर पाहायला सांगितले.

दुपारी दोनला साखर ४८ झाली. रात्री अकराला पुन्हा ५२. दोन्ही वेळा सिस्टरांनी वेळेवर पकडली. तिसऱ्या दिवशी म्हातारबा घरी गेले ते एकाच, नव्या आणि कमी मात्रेच्या गोळीवर. मूत्रपिंडामुळे मेटफॉर्मिन डॉक्टरांनी बंद केले. सोयाबीनचे काय झाले ते मी विचारले नाही.

तेव्हापासून माझा नेम असा की रुग्ण वॉर्डात आला की आधी पिशवी मागायची. चिठ्ठी पुरत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांनी काय लिहिले ते कळते, पिशवीतून माणूस काय घेतो ते कळते, आणि या दोहोंत पुष्कळदा महदंतर असते. पिशवीत शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी असते, मागच्या आजारातले उरलेले अँटिबायोटिक असते, तारीख उलटलेले खोकल्याचे औषध असते. सीमेकडच्या भागातून आलेल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडचे काही जण तेलुगू बोलतात, उदगीर-निलंग्याकडचे काही कानडी, किनवटकडचे बंजारा. 'सकाळी अनशापोटी' म्हणजे काय हे प्रत्येकाला त्याच्या भाषेत नीट कळले का, हे पाहावे लागते. सकाळ, संध्याकाळ, जेवणाआधी, जेवणानंतर एवढे शब्द मी सर्व भाषांत शिकून घेतले आहेत. पुढे गाडी अडते. मग वॉर्डातली मावशी मदतीला येते.

क्रिएटिनिन १.४ म्हणजे किती?

तपासणीच्या कागदावर क्रिएटिनिन १.४ दिसले की "थोडेसेच वाढले आहे" असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण क्रिएटिनिन तयार होते स्नायूंतून. धडधाकट तरुणाचे १.४ आणि वाळून काटकी झालेल्या आजीबाईंचे १.४ हे सारखे नव्हे. आजीबाईंच्या अंगात स्नायूच नाहीत, तर क्रिएटिनिन वाढणार कुठून?

यासाठी एक जुने, १९७६ सालचे सूत्र आहे आणि ते कोणीही कागदावर मांडू शकतो. १४० मधून वय वजा करायचे. उरेल त्याला वजनाने गुणायचे. आलेल्या संख्येला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे. रुग्ण स्त्री असेल तर उत्तराचे ८५ टक्के धरायचे. अहमदपूरकडच्या एका आजींचे वय ७०, वजन ३८ किलो, क्रिएटिनिन १.४. हिशेब करून पाहा: उत्तर येते सुमारे २२. निरोगी तरुण माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे कागदावर 'थोडेसेच' दिसणाऱ्या या बाईंची मूत्रपिंडे पाव हिश्श्यापेक्षाही कमी काम करीत होती.

त्यांना लघवीचा जंतुसंसर्ग होता आणि अमिकासिनचे ७५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लिहिलेले होते. हा नेहमीचा ठरीव आकडा आहे, पण तो पन्नास किलोच्या, मूत्रपिंड शाबूत असलेल्या माणसाचा. हे औषध साचले तर कान कायमचा जातो आणि उरलेसुरले मूत्रपिंडही. मी हिशेबाचा कागद निवासी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, आणि लघवीच्या कल्चरमध्ये चालणारे दुसरे औषध सुरू झाले. पाच मिनिटांचे काम. नाट्य काही नाही. आजींना याचा पत्ताही नव्हता; त्यांची तक्रार एवढीच की दवाखान्याची डाळ फार पातळ असते.

आमचे बरेचसे काम असेच, न दिसणारे. फेनिटॉइन हे झटक्यांवरचे इंजेक्शन डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळले तर त्याचे बारीक खडे होतात, ते साध्या सलाइनमध्येच द्यावे लागते. नाकातल्या नळीतून अन्न घेणाऱ्या रुग्णाची प्रत्येक गोळी कुटून देता येत नाही. ज्या गोळीच्या नावापुढे एस.आर., एक्स.आर. अशी अक्षरे असतात ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी केलेली असते. ती खलबत्त्यात कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. हे घरीही लागू आहे. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून चहात गोळी चुरणाऱ्या सुना मी पुष्कळ पाहिल्या आहेत. चुरण्याआधी विचारावे. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल पाण्याच्या अँप्यूलसारखेच दिसते, आणि न मिसळता शिरेत गेले तर हृदय बंद पडते. म्हणून ते वॉर्डाच्या कपाटात ठेवायचेच नाही, मागणीप्रमाणे फार्मसीतून द्यायचे, असा नियम आम्ही धरला. सुरुवातीला सिस्टरांना जास्तीच्या चकरांचा वैताग झाला. आता त्याच नव्या मुलींना तो नियम समजावून सांगतात.

डॉक्टर मंडळी हे कसे घेतात, असे मला विचारले जाते. बहुतेक चांगले घेतात. काहींना राग येतो, आणि तो मी समजू शकतो. तीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या माणसाला नातेवाइकांदेखत कोणी मात्रा शिकवू नये. म्हणून मी खाटेपाशी बोलत नाही, दारापाशी बोलतो. "सर, एक विचारू का?" एवढ्यावर पुष्कळ कामे होतात. निर्णय शेवटी डॉक्टरांचाच असतो. कधी माझे म्हणणे ते फेटाळतात आणि त्यांचे कारण मला पटते, कारण रुग्णाच्या पोटावर हात ठेवून जे कळते ते तक्त्यावरून कळत नाही.

पुड्यांची गोष्ट

लातूरला असतानाचा एक प्रसंग. ऊसतोडीला जाणारी पंचेचाळिशीची एक बाई न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात दाखल झाली. अँटिबायोटिक योग्य, ऑक्सिजन चालू, पण रक्तदाब काही केल्या वर येईना. सलाइन झाले, रक्तदाब वाढवणारे औषध चढत्या मात्रेने झाले, तरी ८० च्या पुढे काटा सरकेना. घरी कोणते औषध चालू होते का, असे नवऱ्याला तीनदा विचारले गेले होते आणि तिन्ही वेळा त्याने नाही म्हणून सांगितले होते.

बाईचा चेहरा गोल, सुजल्यासारखा. हात-पाय मात्र काटकुळे. कातडी कागदासारखी पातळ, जागोजाग निळे डाग. मी बाहेरच्या बाकावर नवऱ्याशेजारी जाऊन बसलो. औषधाचे विचारलेच नाही. ऊस किती टन होतो, कंबर दुखत नाही का, असे विचारत गेलो. तेव्हा तो म्हणाला, "कंबर तर दुखतीच की दादा. त्येला पुड्या हायती ना. बाजारच्या दिशी आणतो. चार वर्सं झाले, पुडी खाल्ल्याबिगर तिला उठताच येत नाही. ते काय डॉक्टरचं औषध हाय व्हय?"

त्या पुड्यांत काय होते ते कोणी सांगू शकत नव्हते. पण चेहरा आणि कातडी पुरेशी बोलत होती: स्टेरॉइड. अंगदुखीच्या अशा पुड्यांत ते मिसळलेले असण्याचा अनुभव डॉक्टरांना नवा नाही. स्टेरॉइडसारखा एक रस आपल्या अंगात रोज तयार होतो. बाहेरून वर्षानुवर्षे मिळत राहिला की शरीर तो करणे सोडून देते. मग आजारपणात पुडी बंद पडली की ऐन गरजेच्या वेळी अंगात काहीच उरत नाही, आणि रक्तदाब ढासळतो. मी आत जाऊन सांगितले. डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन सुरू केले. संध्याकाळपर्यंत रक्तदाब ११० झाला आणि दुसऱ्या दिवशी चढते औषध उतरवता आले.

नवरा खोटे बोलला असे मी कधीच म्हणणार नाही. आपल्याकडे औषध म्हणजे डॉक्टरने दिलेले. पुडी, काढा, चूर्ण, बाजारातली गोळी हे औषधात मोजत नाहीत. म्हणून वाचकांना विनंती, की भरती होताना ही सारी यादी सांगावी. कोणी रागावणार नाही. रागावले तरी सांगावे. आणि वर्षानुवर्षांच्या पुड्या एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांकडे जाऊन हळूहळू कमी कराव्यात.

साप, विंचू आणि कोठार

पावसाळा लागला की आमच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवर चालणारी एकच लस आपल्याकडे असते. ती घोड्याच्या रक्तद्रवापासून करतात. तिची भुकटी बाटलीत येते. पाणी घालून ती हळुवार फिरवत विरघळवायची असते. घाईने खळखळ हलवली तर फेस होतो आणि वेळ जातो. साधारणतः सुरुवातीला दहा बाटल्या लागतात. आईबापांना धक्का बसतो तो इथे: सहा वर्षांच्या लेकरालाही तेवढ्याच. "लहान जीव हाय साहेब, अर्ध्या द्या की," असे काकुळतीने म्हणतात. पण सापाने लेकरू पाहून विष कमी टाकलेले नसते. लस विषाला मारायची असते, म्हणून तिची मात्रा वजनावर ठरत नाही. लेकरासाठी सलाइनचे पाणी मात्र मोजून कमी करावे लागते, तो हिशेब माझा.

विंचवाचा विषय निघाला म्हणजे एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडकडे काम करताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी त्यावर लागू पडते हे दाखवून दिले. १९८६ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नियतकालिकात ते छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका खेड्यातल्या डॉक्टरने जगाला शिकवलेली गोष्ट आहे ही. माझ्या कामाचा भाग एवढाच, की ती गोळी अपघात विभागाच्या कपाटात रात्री दोन वाजताही असली पाहिजे.

औषध कपाटात असणे ही वाटते तेवढी सोपी गोष्ट नाही. २०२३ च्या ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलले गेले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यावर निवाडा देणारा मी कोणी नाही. पण राज्याच्या औषध खरेदीचा प्रश्न, आधी हाफकिनमार्फत होणारी खरेदी आणि २०२३ मध्येच कायदा होऊन आलेले नवे प्राधिकरण, हे त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर बोलले जात होते. एरवी हे विषय कोठारातल्या कारकुनापलीकडे जात नाहीत.

आणि असलेले औषध चांगले असणे ही दुसरी गोष्ट. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले ते आजाराने नव्हे. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते; कारखान्यात वापरायचे ग्लिसरीन औषध म्हणून पोचले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. आम्हाला शिकताना हे प्रकरण सांगतात. बाटलीवरचा बॅच क्रमांक केस पेपरवर का लिहितात, असे जे विचारतात त्यांना मी हेच सांगतो.

औषधाने अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले, चेहरा सुजला, तर तेही नोंदवण्याची सोय आहे. केंद्र सरकारचा हा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे तो आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः फोन करू शकतात, पैसे पडत नाहीत. ज्या औषधाने त्रास झाला त्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावे. आम्ही तसे कार्डच करून देतो.

सुट्टीच्या वेळी

सर्वांत गडबडीचा वेळ म्हणजे सुट्टीचा. बिल भरायचे, गाडी बोलवायची, सामान बांधायचे, त्यात गोळ्यांचे कोण ऐकतो? तरीही मी त्या दहा मिनिटांसाठी भांडतो. इन्सुलिनचे उदाहरण घ्या. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधले असते १०० युनिटचे. १०० युनिटच्या सिरिंजचे टोपण नारिंगी. पेन बिघडला म्हणून त्यातले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढून घेतले तर अडीचपट जाते. म्हणून बाटली आणि सिरिंज यांचे आकडे जुळवून पाहिल्याशिवाय मी कोणाला जाऊ देत नाही. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये चार तास हवेत. नाही तर थायरॉइडची गोळी घेऊन न घेतल्यासारखी होते. एकादशी असो की रमजान, उपवास धरायचा असेल तर साखरेच्या गोळीचे काय करायचे ते आधी विचारून ठेवायचे.

आणि मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघते, रक्तपेशी घटतात, जीवावर बेतते. उदगीरकडच्या एका सासूबाईंना ती सुरू झाली तेव्हा सून सोबत होती. मी तिला घरात दिनदर्शिका आहे का विचारले. भिंतीवर कालनिर्णय होतेच. सोमवार हा वार ठरवला, कारण सासूबाईंचा सोमवार असतो आणि तो त्या विसरत नाहीत. प्रत्येक सोमवारच्या चौकटीत लाल गोल करायचा, गोळी दिली की त्यावर फुली. मी चार आठवड्यांच्या गोळ्या मोजून चार कागदी पाकिटांत घातल्या, पाकिटांवर तारखा घातल्या; फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या डबीत, ती सोमवार सोडून.

सुनेने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "आन् सोमवारी चुकलीच तर?"

मंगळवारी किंवा बुधवारी आठवली तर घ्यायची. त्याच्या पुढे गेली तर त्या आठवड्याची सोडून द्यायची, पुढच्या सोमवारी नेहमीएवढीच, दुप्पट नाही. तिने ते पाकिटाच्या पाठीमागे लिहून घेतले आणि मला वाचून दाखवले.